व्याही, गाडीचं दार आणि माझी सायकल

माझ्या सायकलवर आळ कसा आला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

हिवाळ्यातली सकाळ होती. मी फेरी मारून घरी परत येत होते. आमचं घर नंदनवन कॉलनीत, गल्ली अरुंद, आणि फाटकासमोर एक पांढरी गाडी नुकतीच येऊन थांबलेली. गाडी व्याह्यांची, म्हणजे माझ्या लेकीच्या सासऱ्यांची. त्यांची भिवापूरला मिरचीची शेती आहे आणि नवा माल निघाला की पहिलं पोतं ते स्वतः आमच्याकडे आणून टाकतात. मला बरंच वाटलं. मी गाडीच्या उजव्या अंगानं पुढे निघाले, आणि व्याह्यांनी मागे न बघता दार उघडलं.

मी दारावर आपटले, सायकल माझ्यावर आपटली आणि माझं डावं मनगट खाली सापडलं. आमचे हे तांब्या घेऊनच धावत बाहेर आले. पाहुण्यांच्या पायावर घालायचं पाणी त्यात तयारच होतं. मी रस्त्यावर बसलेली. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे पाहिलं, आणि व्याह्यांना विचारलं, "लागलं तर नाई ना जी तुमाले?"

हे वाक्य मरेपर्यंत विसरायचं नाही, असं मी तिथंच, रस्त्यावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

आता यात ह्यांचा एकट्याचा दोष नाही. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांची चूक काढायची नसते. जेवणात मीठ कमी असलं तर आमचं चुकतं आणि त्यांनाच यायला उशीर झाला तर आमचा पत्ता अवघड असतो. तेव्हा मला प्लास्टर घालून घरी आणेपर्यंत सगळ्यांचं एकमत झालेलं होतं की चूक सायकलची. ब्रेक लागला नसेल. हँडल हललं असेल. सोफ्यावर बसलेले व्याही मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सायकलीचा काही भरोसा नसते, ईनबाई." मी, त्यांची विहीण, उजव्या हातानं त्यांना चहा दिला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं मनगटाची चौकशी केली, मग आवाज बारीक करून म्हणाली, "आई, मामंजींना काही बोलू नको हं." तिला त्याच घरात राहायचं होतं. मी म्हटलं, नाही बोलणार. शब्द दिला आणि पस्तावले.

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य वीज खात्यात गेलं. काही बिघडलं की आधी मेन स्विच पाडायचा, मग विचार करायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी सायकल मागच्या अंगणात नेली, पेरूच्या झाडाला साखळीनं बांधली, वर कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. "आता सायकल चालवाची नाई," ते म्हणाले. "कुठी जाचं असन तर मले सांग. मी स्कूटरवर नेतो."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसणं ही काय चीज आहे, हे बसल्याशिवाय कळत नाही. पायी चालणारे आम्हाला ओलांडून जातात, आणि वाटभर प्रत्येक खड्ड्याचा इतिहास ऐकावा लागतो. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मी शाळेत पीटी शिकवायचे. सगळी नोकरी शिट्टी फुंकून मुलांना पळवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की घरातून बाहेर पडायला आता काहीतरी निमित्त लागतं. भाजी, औषध, कुणाचं बारसं. सायकलला निमित्त लागत नव्हतं. सकाळी मी कुठे गेले आणि का गेले, हे कुणी विचारत नव्हतं. ते गेलं याचं मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त आला.

कुलूप फोडणं मला जड नव्हतं. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली दर वर्षी हरवायची, त्यामुळे तो सराव होता. बंडीही रोज धुवायला माझ्याच हातात येत होती. किल्ली तेवढ्यापुरती पायजम्याच्या नाडीला जायची एवढंच. पण चोरून चालवलेली सायकल ही चोरीची सायकल. मला ह्यांनी किल्ली आणून द्यायला हवी होती. शिवाय व्याह्यांना एक शब्द न बोलता सगळं सांगायचं होतं.

म्हणून मी ठरवलं, आपण पुस्तिका लिहायची. शहरात सायकल कशी चालवावी याची. ह्यांनी लगेच परवानगी दिली. लिहिण्याचं काम बसून होतं, त्यामुळे त्यांना ते सुरक्षित वाटलं.

मदतीला मागच्या गल्लीतली मैत्रीण आली. आम्ही सकाळी बरोबर सायकल चालवायचो. ती रांगोळी अप्रतिम काढते, म्हणून चित्रं तिच्याकडे दिली. तिच्या हाताला रांगोळीचीच सवय. पहिल्या चित्रात चौकाच्या चारी बाजूंना एकसारखी मोटार, एकसारखी गाय आणि मधोमध कमळ निघालं. मी म्हटलं, "कमळ काढून टाक." ती म्हणाली, "मंग चौक रिकामा दिसते ना वं." शेवटी कमळाच्या जागी वाहतूक पोलीस बसवला. त्याच्या पायाशी दोन पाकळ्या राहिल्याच.

मजकूर मी आपल्या गावाकडे बघून लिहिला. दुसऱ्या कुठल्या शहराचे नियम इथे काय कामाचे? सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या कडेला बसवलेले फरशीचे गट्टू यांच्या मधली फट सायकलचं चाक गिळते, म्हणून तिथून तिरपं जाऊ नका, थांबून उतरा. संक्रांतीच्या दिवसांत गळ्याला जाड ओढणी किंवा मफलर गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नका. कापलेल्या पतंगाचा नायलॉन मांजा दिसत नाही, तो लागल्यावरच कळतो. उन्हाळ्यात दुपट्टा आधी, हेल्मेट त्याच्यावर; उलट बांधलं तर चौकात हेल्मेट डोळ्यांवर येतं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण कांदा आहे म्हणून भर दुपारी निघू नका. सगळं गाव राँग साइडनं येत असलं तरी आपण जायचं नाही. पोह्यांवर तिखटजाळ तर्री जास्त ओतून घेतली असेल तर थोडं बसून मग निघा. हा शेवटचा नियम रस्त्याच्या सुरक्षिततेत कुठे बसतो, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही एकदा चालवून पाहा.

हात दाखवून वळण्याचा नियमही घातला. तो आम्ही दोघींनी आधी करून पाहायचा ठरवला. माझं प्लास्टर तेव्हा निघालं होतं, पण सायकल कुलपात, म्हणून मी पायी शिट्टी घेऊन आणि ती सायकलवर. तिनं डावीकडे वळण्यासाठी डावा हात लांब केला, आणि एक ऑटो कचकन तिच्याशेजारी थांबला. "कुठी जाचं, मावशी?" ती म्हणाली, "कुठीच नाई गा, वळून राहिली." "बसा ना, सायकल मागं बांधतो." त्याच्या मागे दुसरा ऑटो थांबला, त्याच्या मागे बस. मी शिट्टी फुंकली तेव्हा बसमधून दोन माणसं उतरली. तेव्हापासून पुस्तिकेत त्या नियमाला जोड आहे: हात दाखवण्याआधी मागे ऑटो नाही ना, ते पाहा.

आणि मग माझा लाडका नियम. तो सगळ्यांत पुढे होता आणि सगळ्यांत लांब होता. उभ्या मोटारीपासून तिचं दार उघडेल एवढं अंतर ठेवा, हे सायकलवाल्यांसाठी. मोटारवाल्यांसाठी खाली ठळक अक्षरांत: गाडीतून उतरताना उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडा. डावा हात दारापर्यंत न्यायचा म्हटलं की अंग वळतं, मान आपोआप मागे जाते आणि मागून येणारी बाई दिसते. बाई हा शब्द मी मुद्दाम घातला.

चित्र मैत्रिणीनं काढलं. मी तिला काहीएक सांगितलं नव्हतं, हे शपथेवर सांगायला तयार आहे. तिनं पांढरी गाडी काढली, मागच्या सीटवर लाल मिरचीचं पोतं काढलं, उघड्या दाराशी पडलेली बाई काढली आणि चालकाला गालापर्यंत गेलेली जाड मिशी काढली. ती मिशी आमच्या सगळ्या गल्लीच्या ओळखीची आहे.

छापायला द्यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी कागद पाहिले आणि खुर्चीतून उठलेच. "हे तं इवाई हायेत!"

"कशावरून?" मी विचारलं.

"मिशीवरून! मी आंधळा हाये का? पोरीच्या सासऱ्याले तू पुस्तकात छापून राहिली? मिशी काढ. आताच्या आता काढ."

मैत्रिणीकडे निरोप गेला. तिनं मिशी पुसायला साफ नकार दिला, कारण तिच्या मते सगळ्या पुस्तिकेत तेवढंच चित्र जमलं होतं. मग तिनं वेगळा उपाय केला. एकट्याला मिशी असली तर माणूस ओळखू येतो, म्हणून तिनं सगळ्यांनाच तशी मिशी काढली. ऑटोवाल्याला काढली, पोलिसाला काढली, शाळेत जाणाऱ्या पोराला काढली, आणि चौकात बसलेल्या गाईलाही काढली. रस्त्यावर पडलेल्या बाईला तेवढी काढली नाही. ह्यांनी ते पाहिलं आणि बराच वेळ गाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक हाये."

पुस्तिका छापून आली. कॉलनीच्या ग्रुपवर टाकली, तर तिच्याखाली गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ आली. पोहेवाल्याकडे गठ्ठा ठेवला, तर त्यानं एकेक पान प्लेटखाली घालायला सुरुवात केली. मला आधी राग आला. मग पाहिलं तर लोक उभ्यानं पोहे खाताना खालचं पान वाचत होते आणि मिशीवाल्या गाईवर बोट ठेवून हसत होते. एक गृहस्थ तर्रीनं लाल झालेलं पान घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, डाव्या हाताचं पटलं मले." मी त्यांना आणखी पोहे खायला घातले.

एवढं झाल्यावर ह्यांनाच चेव आला. पुस्तिका झाली आहे, लोक विचारत आहेत, तर रीतसर प्रकाशन झालं पाहिजे. कॉलनीच्या मंदिराचा हॉल मिळाला. खुर्च्या आल्या. मग प्रश्न आला की प्रमुख पाहुणे कोण. मी गप्प बसून राहिले, कारण उत्तर मला माहीत होतं. घरात कार्य आहे आणि व्याह्यांना मान नाही, हे आमच्याकडे चालत नाही. ह्यांच्याही ते लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बोलावलं तर व्याही पुस्तिका बघणार. न बोलावलं तर सात पिढ्या लक्षात ठेवणार.

"बोलावू," शेवटी ते म्हणाले. "पण पुस्तक त्याहिच्या हाती द्याचं नाई. नुसतं बांधलेलं दाखवाचं."

मी हो म्हटलं.

त्या दिवशी व्याही फेटा बांधून आले. मंचावर मध्ये ते, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. व्याह्यांनी लाल फीत सोडली, ह्यांनी चपळाईनं गठ्ठा उचलून खुर्चीखाली सरकवला, आणि मी माझ्या पिशवीतून एक प्रत काढून, बरोबर ते पान उघडून, दोन्ही हातांनी नम्रपणे व्याह्यांना दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. वरचं वाचलं, खालचं वाचलं, चित्र पाहिलं. गाडी, पोतं, मिशी, बाई. त्यांचा हात आपल्या मिशीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. समोरच्या रांगेत माझी लेक बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांची माझी सगळी गंमत एका क्षणात उतरली. मला भीती वाटली. हा माणूस उठून गेला तर त्याची भरपाई मी करणार नव्हते, ती करणार होती. त्या क्षणी कुणी म्हटलं असतं तर मी पुस्तिका, सायकल, सगळं सोडून दिलं असतं.

व्याही उठले. माईक नको म्हणाले.

"यात एक गोष्ट मले पटली नाई," ते म्हणाले. "डाव्या हातानं दार उघडा म्हणते. आमच्या इकडं डाव्या हातानं कोनाले पानीही देत नाईत. गाडीतून उतरलो का कोनाच्या तरी घरी जातो आपन. मंग डावा हात कायले?"

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"पन आता मी इथं खुर्चीवर बसल्या बसल्या करून पाहिलं. तुमीही करा. करा ना! उजवीकडं दार हाये. डावा हात तिथं न्या."

सगळ्या हॉलनं डावा हात उजवीकडे नेला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या, आणि तिथं नाश्त्याच्या डब्यांची झाकणं निघत होती ती सगळ्यांना दिसली. काही जण त्या सभेपुरते परत पुढे वळलेच नाहीत.

"मान फिरली का नाई?" व्याह्यांनी विचारलं. "फिरली ना. मंग शुभ कामाले डावा हात चालते." एवढं बोलून ते खाली बसले.

ह्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी घाईनं शाल उलगडली, नारळ घेतला आणि व्याह्यांसमोर उभे राहिले. व्याह्यांनी शाल हातानं बाजूला केली. "राहू द्या. मानात कमी पडलं."

लग्नकार्यात हे तीन शब्द ऐकले की मुलीकडचे आधी पाकीट चाचपतात. ह्यांनी नारळ काखेत मारला. "काय कमी पडलं जी? सांगा ना. आताच्या आता आनतो."

"किल्ली," व्याही म्हणाले.

"कायची किल्ली?"

"सायकलीची. माहा मान म्हनून मले ते किल्ली द्या. नाई तं मी नाश्ता न करता जातो."

सायकल कुलपात आहे हे लेकीकडूनच त्यांच्या कानावर गेलं असणार. किल्ली होती बंडीत, बंडी होती सदऱ्याखाली, आणि सदरा होता नवा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. नंदनवनातल्या भरल्या सभेत माझ्या नवऱ्यानं मंचावर उभं राहून एकेक बटण काढलं, आत हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझी मैत्रीणच असणार.

व्याह्यांनी किल्ली घेतली आणि माझ्यापुढे धरली. मुलाकडच्यांनी माफी मागणं रीतीत बसत नव्हतं आणि मुलीकडच्यांनी ती मागायला लावणंही बसत नव्हतं. त्यांनी खाली बघत एवढंच विचारलं, "मनगट वळते का आता, ईनबाई?"

"वळते," मी म्हटलं. मला रडू आलं, आणि सगळ्यांसमोर रडू येतंय म्हणून स्वतःचा रागही आला. किल्ली मी घेतली. मग त्यांनी शाल पांघरून घेतली आणि नाश्त्याला दोनदा वाढून घेतलं. जाताना भिवापूरच्या बाजारात वाटायला म्हणून खुर्चीखालचा अख्खा गठ्ठा घेऊन गेले. आता तिकडच्या मिरचीच्या पोत्यांवर एकेक मिशीवाली गाय चिकटवलेली असते, असं लेक सांगते.

घरी आल्यावर हे पेरूच्या झाडाची साखळी सोडत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटलं होतं, आता तू उठतच नाई. त्या दिवशी."

"मग मला विचारायचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी साखळी नीट गुंडाळून ठेवली.

यंदा पुन्हा नवी मिरची निघाली. मी सकाळची फेरी मारून गल्लीत वळले, तर फाटकासमोर पांढरी गाडी नुकतीच थांबत होती. मी मागेच पाय टेकला. पाहुणे आधी उतरतील, मग आपण जावं, अशी माझी रीत. गाडीचं दार मात्र उघडेना. काचेतून दिसलं की व्याह्यांचा डावा हात दारावर आहे, मान पूर्ण मागे वळलेली आहे आणि ते माझ्याकडे बघत आहेत. मी आधी जावं म्हणून ते थांबले होते. मी हातानं खूण केली, तुम्ही उतरा. त्यांनी आतून मान हलवली, तुम्ही जा. एक दूधवाला माझ्या मागे येऊन थांबला आणि घंटी वाजवायला लागला. आम्ही दोघंही हलेना.

तेवढ्यात आमचे हे पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात आले. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तांब्या खाली ठेवला, गाडीच्या दारापाशी गेले आणि आपला तळवा त्या दारावर घट्ट दाबून धरला.

"थांबा जी, इवाई," ते म्हणाले. "आधी तिले येऊ द्या."

मी पायडल मारलं आणि त्यांच्या पाठीमागून फाटकात शिरले.